शब्द खंय गेले? भजनाच्या मिक्सिंगसाठी फ्रिक्वेन्सीचे पट्टे ओळखायला शिका

भजन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं की सिंधुदुर्गात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, "आवाज बरो इलो, पण शब्द खंय गेले?" आणि दुसरी, "पखवाज फुगलेलो वाटता." असं म्हणणाऱ्याने इक्वलायझर (आवाजातला एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करणारं साधन) कधी पाहिलेला नसतो, पण त्याचं निदान अचूक असतं. पहिली तक्रार २ ते ५ हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) पट्ट्याबद्दल आहे, दुसरी २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल. नव्या माणसाने २० पासून २०,००० पर्यंतचा अख्खा तक्ता पाठ करण्याऐवजी आधी हे दोन पट्टे कानाने ओळखायला शिकावेत असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीचं सावकाश येतं.

हा लेख, "तुका कॉम्प्युटर येता ना, मगे तूच कर" असं म्हणून मंडळाने ज्यांच्या गळ्यात हे काम टाकलंय त्यांच्यासाठी आहे. एक लॅपटॉप, दोन किंवा चार माईक लागतील असा ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि रीपरसारखं सॉफ्टवेअर (६० दिवस मोफत वापरून बघता येतं, इक्वलायझर त्यातच असतो) एवढं धरून चाललोय. उदाहरण भजनाचं घेतलंय: बुवा (मुख्य गायक), कोरस, पेटी, पखवाज, झांज. दशावताराला हे जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं. नमन किंवा जाखडी असेल तर वाद्यं बदलतील, पट्टे तेच राहतील.

पायरी १ : हर्ट्झ सप्तकात मोजा

माणसाच्या कानाची कक्षा २० ते २०,००० हर्ट्झ अशी सांगतात. वय वाढतं तसं वरचं टोक खाली येतं, पण त्याने मिक्सिंग अडत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट ही की हे आकडे कानाला बेरजेने कळत नाहीत, दुपटीने कळतात. पेटी वाजवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सप्तकातला सा साधारण १३९ हर्ट्झचा असतो, तार सा २७७ चा आणि तार पंचम ४१५ चा. १०० ते २०० हे एक सप्तक, तसंच ५,००० ते १०,००० हेही एकच सप्तक. २० पासून दुप्पट करत गेलात तर दहाव्या दुपटीला २०,४८० येतात. म्हणजे कानाचा सगळा मुलूख दहा सप्तकांचा, आणि पेटीच्या पट्ट्या त्यातल्या मधल्या तीन-साडेतीन सप्तकांत मावतात.

मग वरच्या चार-पाच सप्तकांत काय असतं? उपस्वर. बुवांनी १३९ चा सा लावला की त्याच्याबरोबर २७७, ४१६, ५५४ असे दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वरही निघतात, थेट काही हजारांपर्यंत. पेटीचा सा आणि गळ्याचा सा वेगळे ओळखू येतात ते बऱ्याच अंशी या उपस्वरांच्या कमी-जास्त प्रमाणामुळे. इक्वलायझर सूर बदलत नाही, हे प्रमाण बदलतो. ३,००० चं बटण फिरवल्यावर "सूर बिघडेल काय?" असं विचारणाऱ्या पेटीवाल्याला बिनधास्त "नाही" सांगा.

चामड्याच्या वाद्याचे उपस्वर एरवी असे नेमक्या पटीत येत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला ठाम सूर नसतो. पखवाज-तबल्याला तो असतो, कारण शाई, म्हणजे पानावरचा काळा लेप. शाईच्या वजनामुळे उपस्वर पटीत येऊन बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं होतं. मिक्सिंगच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पखवाज हा ठेका आहे तसा सूरही आहे, आणि तो बुवांच्या सुराच्या अगदी शेजारी बसतो. भांडण इथेच सुरू होतं.

पायरी २ : उ, ओ, आ, ए, ई

पट्टे पाठ करण्याची ही सगळ्यात स्वस्त युक्ती. एकाच सुरात हे पाच स्वर लांबवून म्हणा. सूर तोच राहतो, तरी 'उ' गडद आणि 'ई' चमकदार वाटतो, कारण प्रत्येक स्वराला तोंडाची पोकळी वेगळ्या पट्ट्यातले उपस्वर उचलून धरते. अंदाजाने उ म्हणजे २५०, ओ म्हणजे ५००, आ म्हणजे १,०००, ए म्हणजे २,००० आणि ई म्हणजे ४,००० हर्ट्झच्या आसपासचा रंग. हे काटेकोर मोजमाप नव्हे, कानाला दिलेल्या खुणा आहेत.

आता रेकॉर्डिंग ऐका आणि स्वतःला विचारा, यात कोणता स्वर जास्त भरलाय? सगळं 'ऊऊ' करत घुमत असेल तर २५० च्या भागात गर्दी आहे. जुन्या डबा-स्पीकरसारखं 'ओ-आ' वाटत असेल तर ५०० ते १,०००. कानाला टोचणारं 'ईई' असेल तर ३,००० ते ४,०००. मंडपात माईकने शिट्टी मारली की तीही याच स्वरांशी लावून बघायची सवय ठेवा. 'उ'सारखं घोंघावणं आणि 'ई'सारखी किंचाळी यांतला फरक पटकन कळायला लागतो, आणि ध्वनिक्षेपकवाल्याला नेमकं कुठे कमी कर ते सांगता येतं.

पायरी ३ : आधी खोली, मग कान

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. म्हणजे १०० हर्ट्झची एक लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब, तर १०,००० हर्ट्झची साडेतीन सेंटिमीटर. वरचे सूर गोधडीतही अडकतात, खालचे भिंतींमध्ये ये-जा करत राहतात. दहा बाय दहाच्या स्लॅबच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ११२ ला, आवाज फुगतो. लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही बाजूंचा फुगवटा एकाच जागी पडतो. उंचीही दहा फूट असेल तर तिप्पट शिक्षा. पखवाजाचा धुमा (खर्जाचं डावं तोंड) नेमका याच भागात असतो.

म्हणून निवड असेल तर कौलारू घराचं माजघर किंवा पडवी घ्या. उतरतं छप्पर, कौलांच्या फटी, उघडी दारं यांतून खालचा आवाज बाहेर निघून जातो. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या खडबडीत भिंतीवरून आवाज गुळगुळीत भिंतीइतका सरळ परतत नाही. भाताची पोती, गाद्या, चटया आहेत तिथेच राहू द्या. सजावटीसाठी खोली रिकामी करणारी माणसं रेकॉर्डिंगची वाट लावतात.

पावसात मात्र कौल काय, पत्रा काय, विसरा. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, तो इक्वलायझरने निघत नाही. रातकिडे त्या मानाने सोपे, कारण त्यांची किरकिर ४ ते ८ हजारांतल्या अरुंद जागेत असते. विजेची गुणगुण त्याहून सोपी: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ५०, १००, १५० वर सापडते आणि अगदी अरुंद खाच पाडून कमी करता येते. पण गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मोडायची नाही. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावून बघा.

ऐकण्याची पातळी बोलण्याइतकीच ठेवा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज लहान असला की कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, मोठा केला की ते वर येतात. रात्री घरातले झोपलेत म्हणून हळू ऐकत मिक्स केलंत तर पखवाज हमखास जास्त चढवला जातो. शिमग्यात दिवसभर ढोलाशेजारी उभं राहून आलात, तर त्या रात्री मिक्सिंगला बसू नका. कान सुन्न असतात आणि झांज मोठी करत सुटतात.

पायरी ४ : इक्वलायझर न उघडता अर्धं काम

आधी प्रत्येक ट्रॅकचा (एकेका माईकच्या रेकॉर्डिंगचा) आवाज फक्त लहान-मोठा करून सगळं एकमेकांत बसतंय का ते बघा. बुवा सर्वांत वर, मग पखवाज, मग पेटी आणि कोरस. झांजेला वेगळा माईक बहुधा नकोच, ती सगळ्या माईकमध्ये आपोआप घुसलेली असते.

मग प्रत्येक ट्रॅकवर लो कट लावा, म्हणजे ठरावीक आकड्याच्या खालचं काढून टाका. पुरुष आवाजाला ८० ते १०० हर्ट्झ, बायकांच्या भजनी मंडळाला १२० ते १५०, पेटीला १०० च्या आसपास. पखवाजाला ४० च्या वर जाऊ नका. कट हळूहळू वर न्यायचा, आवाज पातळ व्हायला लागला की थोडा मागे यायचं. पंख्याची घरघर, चटईवर बसलेल्यांची हालचाल, लांबून येणारी समुद्राची गाज यांतलं बरंच इथेच जातं.

इक्वलायझरच्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: कुठे, किती आणि केवढ्या रुंदीत. 'कुठे' हर्ट्झमध्ये, 'किती' डेसिबलमध्ये (आवाजाच्या पातळीचं माप), रुंदीला क्यू म्हणतात. क्यू मोठा तेवढी जागा अरुंद. कमी करताना क्यू २ ते ४, वाढवताना १ किंवा त्याहून कमी ठेवलात तर फारसं बिघडत नाही. सुरुवातीला ३-४ डेसिबलच्या पुढे जायचं नाही. जास्त लागतंय असं वाटलं तर दोष बहुतेक वेळा माईकच्या जागेत असतो.

पायरी ५ : २०० ते ५००, इथे जत्रा भरते

भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये जो चिखल ऐकू येतो तो इथला. या एवढ्याशा जागेत बुवांचे मूळ सूर, पेटीचे तेच सूर (कारण पेटी गळ्याच्याच मागे चालते), दहा जणांच्या कोरसचे तेच सूर, पखवाजाचं पोट आणि खोलीचा घुमारा असे सगळे येऊन बसतात. एकटा ट्रॅक ऐकलात तर प्रत्येक जण गोड वाटतो, एकत्र लावले की बसकं होतं. म्हणून इथे एकेक ट्रॅक सोलो करून, म्हणजे एकटाच ऐकून, निर्णय घ्यायचा नाही, सगळं चालू ठेवूनच बटण फिरवायचं.

क्रम असा ठेवा. पहिला हात कोरसला. ३०० च्या आसपास रुंद ३-४ डेसिबल कमी करा. कोरसचं काम ओळ उचलून धरण्याचं, त्याला भारदस्तपणा लागत नाही. नंतर पेटी. पेटीला सुरांच्या पात्यांच्या तीन लाईन (खर्ज, नर, मादी) असतील तर रेकॉर्डिंगच्या वेळीच खर्जाची लाईन बंद करायला सांगा. नर आणि मादीवर भागतं, आणि तुमचं निम्मं इक्वलायझिंग वाचतं. पेटीवाले याला सहजासहजी तयार होत नाहीत, कारण खर्जाशिवाय त्यांना पेटी बोडकी वाटते. तिथे ३५० ला ३ डेसिबल कमी करून गप्प बसावं.

बुवांच्या आवाजाला शेवटी हात लावा, आणि लावायच्या आधी माईक किती जवळ होता ते आठवा. एका दिशेने ऐकणाऱ्या माईकला तोंड चिकटवलं की खालचे सूर आपोआप फुगतात, माईकचा तो स्वभावच आहे. डबलबारीच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) मंचावर माईक ओठाला लावून गाण्याची सवय असते आणि तिथे ती चालूनही जाते, कारण समोर मोठा समुदाय असतो. रेकॉर्डिंगला एक वीत अंतर ठेवायला सांगा. ते शक्य झालं नाही तर २०० ते २५० मध्ये रुंद कट घ्या. ४०० च्या वर मात्र सांभाळून. तार सप्तकातल्या पंचमाचा पाया ४१५ वर आहे, तिथे खोल खड्डा पाडलात तर बुवा गजराला वर चढले की आवाज कागदासारखा होतो.

पखवाजाचं वेगळं आहे. धुम्याचा दम ६० ते १२० मध्ये असतो आणि 'फुगलेलो' वाटणारा भाग २०० ते ३५० मध्ये. लोक पखवाज फुगला म्हणतात तेव्हा नवखा माणूस ८० कमी करतो, आणि मग फुगवटा तसाच राहून दम तेवढा जातो. २५० ला ४ डेसिबल कमी करून ऐका, ८० ला हातही लावू नका. धुम्याला लावलेली कणीक वाळत जाते तसा त्याचा सूर सरकतो, त्यामुळे सुरुवातीच्या रूपावलीला लावलेली सेटिंग पुढे गौळणीपर्यंत जुळेलच असं नाही. लांब कार्यक्रम असेल तर मधूनमधून तपासा.

पायरी ६ : २ ते ५ हजार, शब्दांचा पट्टा

जुन्या टेलिफोनवर फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच भाग पाठवला जायचा, आणि तेवढ्यावर मुंबईचा चाकरमानी आणि गावची आई यांचं बोलणं नीट व्हायचं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर ३०० च्या खालीच असतो, तो तारेतून जातच नव्हता, तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटायचा. मेंदू उपस्वरांवरून मूळ सूर भरून काढतो. शब्द कळायला लागतात ती व्यंजनं, आणि त,थ,ट,ठ,क,ख यांची धार २ हजारांच्या वर असते. कानही नेमका ३-४ हजारांच्या भागात सर्वांत तीक्ष्ण.

म्हणून बुवांच्या आवाजाला ३,००० च्या आसपास रुंद २ डेसिबल वाढवा. पण त्याआधी इतरांना तिथून थोडं बाजूला करा: पेटीला २,५०० ला २ डेसिबल कमी, कोरसला ३,००० ला २-३ डेसिबल कमी. पुष्कळदा एवढं केल्यावर बुवांना वाढवायची गरजच राहत नाही. पखवाजाच्या चाटेची (उजव्या तोंडाची) थापही याच पट्ट्यात आहे. ती ४ हजारांकडे ठेवली की शब्दांच्या आड येत नाही.

खरी अडचण झांजेची. तिची बहुतेक ताकद ३ हजारांच्या वर, आणि ती बुवांच्याच माईकमध्ये शिरलेली. शब्दांसाठी ३-४ हजार वाढवले की झांज फुकटात मोठी होते. याला मिक्सिंगमध्ये चांगला उपाय नाही, तो बसण्याच्या व्यवस्थेत आहे. कार्डिऑइड, म्हणजे एका दिशेने ऐकणारा, माईक पाठीमागचं फार कमी ऐकतो, म्हणून झांजवाल्याला बुवांच्या माईकच्या बरोबर पाठीमागे बसवा. बुवांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसलेला झांजवाला फोटोत छान दिसतो, रेकॉर्डिंगमध्ये नाही.

स, श, च यांची सिसकारी ५ ते ८ हजारांत असते. अभंगात ती पावलोपावली येते. कायमचा कट घेतला तर आवाज मंद होतो, त्यामुळे डी-एसर वापरा, तो सिसकारी आली तेवढ्यापुरताच दाबतो.

पायरी ७ : वरचा भाग आणि लांब-जवळ

८ हजारांच्या वर मोकळेपणा असतो. बुवांना एक-दीड डेसिबलचा शेल्फ द्यायला, म्हणजे १० हजारांपासून वरचं सगळं सारखं उचलायला, हरकत नाही, झांज फार नसेल तर. माझ्या मते इथला जास्त उपयोगी वापर उलटा आहे. खाडीपलीकडच्या वाडीतला कार्यक्रम ऐकताना ढोल कळतो, ताशाची कडकड विरलेली असते, कारण हवा वरचे सूर आधी खाते. कान हे जन्मभर ऐकत आलेला असतो. म्हणून कोरसला ७-८ हजारांच्या वर २-३ डेसिबल कमी केलंत की तो आवाज न घटवताही बुवांच्या मागे जाऊन बसतो.

इकोचंही तेच. मंडळाला इको हवाच असतो, त्यावर वाद घालू नका. फक्त इकोच्या ट्रॅकवर ३०० च्या खाली आणि ६ हजारांच्या वर कट लावा. मग तो ऐकू येतो पण शब्दांवर सांडत नाही.

पायरी ८ : तपासणी

इक्वलायझर बंद-चालू करून तुलना करा, पण दोन्ही वेळेला आवाजाची पातळी सारखी आणून. एखादा डेसिबल मोठं झालेलं कानाला आपोआप चांगलं वाटतं, आणि माणूस त्याला इक्वलायझरचं श्रेय देऊन मोकळा होतो.

पुढे मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐका, कारण बहुतेक मंडपांतला स्पीकर शेवटी एकच आवाज देतो. नंतर मोबाईलच्या स्पीकरवर. तो २००-३०० च्या खाली फारसं काही देत नाही, तरी पखवाजाचा ठेका लागला पाहिजे. लागत नसेल तर ८० वाढवून उपयोग नाही, त्याचे जे उपस्वर ३०० च्या वर आहेत त्यांना थोडं उचला आणि थाप जरा पुढे आणा, धुमा मेंदू भरून काढतो. शेवटी एखाद्या रिक्षात किंवा गाडीत वाजवून बघा, इंजिन चालू ठेवून. तिथे शब्द कळले तर पाठवायला हरकत नाही.

फाईल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये जपून ठेवा आणि प्रत्येक ट्रॅकचे आकडे लिहून ठेवा. पुढच्या रेकॉर्डिंगला ते जसेच्या तसे लावू नका. बुवा तेच, पेटी तीच असली तरी माईक चार बोटं सरकला की २५० चा कट ३०० वर न्यावा लागतो. लिहून ठेवायचं ते शोध कुठून सुरू करायचा हे कळण्यासाठी.